गॅलरीतली मांजर आणि तिची चार पिल्लं: आधी आईकडे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कल्याणला तुमच्या सोसायटीच्या मीटरच्या खोलीत एक भटकी मांजर व्यायली. पावसाचं पाणी खोलीत शिरलं तेव्हा तिनं एकेक पिल्लू तोंडात धरून जिन्यानं वर, पहिल्या मजल्यावरच्या तुमच्या गॅलरीत आणून ठेवलं. पाच होती, एक दुसऱ्या दिवशी गेलं. उरलेल्या चारांचे डोळे नुकते उघडलेत. त्यातल्या एकाचा डावा डोळा चिकटलाय, सुजलाय आणि तेच सगळ्यांत बारीक आहे. आई शिंकते, नाक वाहतं, पाठीची हाडं हाताला लागतात. शेजारी म्हणतात, पिल्लं वेगळी काढा, नाहीतर आईचा आजार लागेल. मेडिकलवाल्यानं तापाच्या गोळीचा पाव तुकडा द्यायला सांगितलाय. वहिनींना सातवा महिना आहे म्हणून आईंना धास्ती वाटतेय. आणि तुम्ही विचारताय की दूध कोणतं, जंताचं औषध कधी, लस कधी, अंघोळ घालायची का, ऑपरेशन कधी.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी पाहिल्या, त्यानंतर कुत्री-मांजरी. दरवर्षी जून ते सप्टेंबर माझ्याकडे तुमच्यासारखी माणसं खोकी घेऊन येतात, आणि बहुतेकांचा प्रश्न पिल्लांचा असतो. आईबद्दल शेवटी, जाता जाता विचारतात. मी उलट्या बाजूनं सुरुवात करते. दोन आठवड्यांच्या पिल्लाचं दूध, ऊब, स्वच्छता, रोगाशी लढायची ताकद, सगळं त्या एका हडकुळ्या मांजरीतून येतं. ती उभी राहिली तर चारपैकी तीन पिल्लं तुम्ही काही न करता वाचतील. ती कोसळली तर तुम्हाला दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, चार पिल्लांना बाटली द्यावी लागेल, आणि एवढं करूनही सगळी वाचतील असं मी सांगू शकणार नाही. म्हणून तुमच्या पाच प्रश्नांच्या आधीचा खरा प्रश्न हा आहे की या आईला पुढचे सहा आठवडे उभं कसं ठेवायचं.

काही गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मला ठरवता येणार नाहीत. तिला ताप किती आहे, छातीत कफ उतरलाय का, त्या डोळ्याचं बुबुळ शाबूत आहे का, हे तुमच्या जवळचा डॉक्टरच सांगेल. खाली लिहितेय ते तुम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत आणि तिथून आल्यावर घरी करायचं काम आहे. औषधांचे डोस मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते वजनावर ठरतात आणि दोनशे ग्रॅमच्या जिवाला अंदाज परवडत नाही.

पहिलं म्हणजे पिल्लं वेगळी काढू नका. आईला जी सर्दी आहे ती बहुतेक मांजरांच्या फ्लूची असणार. हर्पिस आणि कॅलिसी हे दोन विषाणू त्यामागे असतात. पिल्लं जन्मल्यापासून तिच्या नाकाशी नाक लावून झोपतायत. जे लागायचं ते लागून गेलंय. आता वेगळी काढली तर आजार टळणार नाही, फक्त त्या आजाराशी लढायला लागणारं आईचं दूध आणि ऊब जाईल. 'मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत' असं आपण म्हणतो ते खरं आहे. ती चाटते, मानेला धरते, उलटीपालटी करते, त्यात लुडबुड नको. माणसाचा हात लागला की मांजर पिल्लांना टाकते ही समजूत मात्र खरी नाही. ती जेवायला उठली की पिल्लं हातात घेऊन बघायला हरकत नाही.

ती पिल्लं उचलून परत निघून जाईल अशी भीती तुम्हाला वाटते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्यामागे कारण आहे. बोका पिल्लं मारतो, आणि एका जागी फार दिवस राहिलं तर वास साचतो. ओल, उजेड, माणसांची वर्दळ, यातलं काही वाढलं की ती हलवते. तेव्हा तिला हलवावंसं वाटणार नाही अशी जागा द्या. मोठं खोकं आडवं ठेवा, तोंड भिंतीकडे वळवा, वरून जुनी चादर टाका. आत वर्तमानपत्र आणि त्यावर सुती कापड, आणि ते रोज बदला. टॉवेलचे धागे निघत असतील तर नको, पिल्लांची नखं अडकतात. पावसाची झड लागू देऊ नका. आणि गॅलरीला आत्ताच जाळी लावून घ्या. आणखी दोन आठवड्यांत ही चारही पिल्लं खोक्याबाहेर पडतील आणि कठड्याच्या फटीतून मान घालून खाली बघतील. पहिला मजला उंच नाही असं वाटतं, पण तिथून पडलेली पिल्लं मी शिवली आहेत.

आता ऊब. या वयाचं पिल्लू स्वतःचं अंग नीट गरम ठेवू शकत नाही. आई पाच-दहा मिनिटं उठली तर बाकीची एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात, आणि बारीक पिल्लू त्या ढिगातून बाहेर ढकललं जातं. तुमच्या सुजल्या डोळ्याच्या पिल्लावर तेवढ्यासाठी लक्ष ठेवा. बोटाचं टोक त्याच्या तोंडात घालून पाहा. तोंड आतून कोमट लागलं तर ठीक. थंड लागलं तर ते पिल्लू संकटात आहे, मग ते ओरडत असो वा गप्प असो.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक कॉलेजचा मुलगा बुटाच्या खोक्यात असंच एक पिल्लू घेऊन आला होता. पाट्याच्या रंगाचं, तळहातावर मावेल एवढं. रात्रभर त्यानं कापसाच्या बोळ्यानं त्याला दूध पाजलं होतं, स्वतः झोपला नव्हता. पिल्लाचं पोट ढोलकीसारखं तट्ट आणि अंग फरशीसारखं गार. पोटावर बोट ठेवलं तर आतलं दूध डुचमळत होतं, नाकपुडीशी दुधाचा फेस होता. अंग गार असलं की आतडी चालत नाहीत. दूध पोटात नासतं, वर येतं आणि फुप्फुसात जातं. त्या मुलाचा कळवळा खरा होता, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आधी ऊब, मग दूध. ते पिल्लू दुपारपर्यंत गेलं. मुलगा बाकावर बसून होता. म्हणून हे प्रत्येकाला मी दोनदा सांगते. गार पिल्लाला आधी तास-दोन तास हळूहळू गरम करा, आणि तोंड आतून कोमट झाल्याशिवाय दुधाचा थेंबही देऊ नका. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येईल. हेअर ड्रायर नको, कढत पाण्याची उघडी बाटली नको. अगदीच गळून गेलं असेल तर दवाखान्यात नेता नेता साखरेच्या पाण्याचा एक थेंब हिरडीला चोळा, एवढंच.

यानंतरची गोष्ट माझ्या सगळ्या उत्तरातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगाची आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, ग्रॅम दाखवणारा. रोज एकाच वेळी, समजा सकाळी आठला, आई जेवत असताना प्रत्येक पिल्लू वाटीत ठेवून वजन करा आणि वहीत लिहा. जन्मताना मांजरीचं पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं आणि रोज दहा ते पंधरा ग्रॅम वाढतं. दोन आठवड्यांना ते जन्माच्या दुपटीच्या पुढे गेलेलं हवं. डोळ्यांना सगळी पिल्लं गुटगुटीत दिसतात, काटा खोटं बोलत नाही. एक दिवस वजन तेवढंच राहिलं तर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशीही वाढलं नाही, किंवा घटलं, तर त्याच दिवशी दवाखाना. पिल्लू सुस्त दिसायच्या आधी एक-दीड दिवस काटा सांगतो, आणि या वयात दीड दिवस म्हणजे फार मोठी सवड.

पिल्लं ओळखायला खुणा लागतील. त्या अंगावरच्या रंगावरून ठेवा, वहीत चित्र काढा, काहीही करा, पण गळ्यात दोरा बांधू नका. दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधलेली पिल्लं माझ्याकडे महिन्याभरानं येतात. दोरा तेवढाच राहतो, मान वाढते. केसांखाली काही दिसत नाही, फक्त वास येतो. केस बाजूला केले की दोरा कातडीत रुतलेला असतो आणि खाली पू.

आता आई. तिला दवाखान्यात नेण्याआधी घरी तीन-चार गोष्टी पाहून ठेवा, डॉक्टरला त्यांचा फार उपयोग होतो. तिला बहुधा आठ आंचळं असतील. ती पाजत असताना किंवा लाडात आल्यावर एकेक हलक्या हातानं दाबून पाहा. मऊ आणि कोमट असलेलं बरं. एखादं दगडासारखं, तापलेलं, जांभळट असेल तर स्तनदाह आहे, आणि मग पिल्लं न वाढण्याचं कारण तिथंच सापडेल. दुसरं, मागून काही जातंय का. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवडे थोडासा तांबूस-तपकिरी स्राव चालतो. घाण वास, हिरवट किंवा पूसारखं काही असेल तर गर्भाशयात जंतू झालेत आणि ते लांबवण्यासारखं नाही. तिसरं म्हणजे, ती ताठ पायांनी चालते का, अंग थरथरतं का, तोंड उघडं ठेवून धापा टाकते का. पाजणाऱ्या मांजरीचं रक्तातलं कॅल्शियम अचानक उतरतं तेव्हा असं होतं. हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला उघडा असेल तो दवाखाना गाठायचा. पण 'मग आधीच कॅल्शियमचं टॉनिक देऊन ठेवते' असं करू नका. मनानं दिलेलं कॅल्शियम उलटतं, शरीराची स्वतःची व्यवस्था सुस्तावते.

तापाच्या गोळीबद्दल मला मोठ्यानं सांगायचंय: देऊ नका. पॅरासिटामॉलचा पाव तुकडासुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकतो. आपल्या यकृतात ते औषध निकामी करायची जी सोय आहे ती मांजरीच्या यकृतात जवळपास नाहीच. औषधाचं विष होतं, रक्त प्राणवायू वाहून नेणं सोडतं, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. चॉकलेटच्या रंगाचं रक्त मी सिरिंजमध्ये पाहिलंय आणि ते विसरता येत नाही. चुकून दिली गेलीच असेल तर हे उत्तर इथंच सोडा आणि तिला घेऊन निघा, त्यावर उतारा आहे पण तो पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो. माणसांच्या इतर वेदनाशामक गोळ्याही तशाच. घरात उरलेली अँटिबायोटिकसुद्धा नको.

सर्दीवर डॉक्टर बहुतेक अँटिबायोटिक देतील, विषाणूसाठी नाही, तर त्यावर चढलेल्या जंतूंसाठी. ती पाजते आहे हे त्यांना आठवणीनं सांगा, कारण औषध दुधातून पिल्लांत उतरतं. डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली असेल तर ती कोरडी गिळवू नका, मागून सिरिंजनं थोडं पाणी किंवा घासभर ओलं खाणं द्या. ती गोळी घशाखाली अडकली तर अन्ननलिका भाजते.

पण तिचं निम्मं औषध ताटलीत आहे. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुपटी-तिपटीनं खाणं लागतं, आणि नाक बंद असलं की मांजर खात नाही, कारण ती आधी वासानं जेवते. नाक कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं दिवसातून दोन-तीनदा पुसा. खाणं कोमट करून द्या. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळतं ते खाद्य आईला द्या, त्यात प्रथिनं आणि चरबी जास्त असतात. दिवसभर भांडं भरलेलं ठेवा. जोडीला उकडलेलं चिकन, काटे काढलेला उकडलेला मासा, उकडलेलं अंडं. तोंड लावत नसेल तर चिमूटभर सुकट धुऊन तव्यावर कोरडी भाजून, चुरून वरून भुरभुरवा. माझ्या अनुभवात रुसलेल्या मांजरी या वासाला उठतात. दूध-पोळीनं तिचं पोट भरेल पण अंगात काही जाणार नाही. आपल्या ताटातला रस्सा तर अजिबात नको, कांदा-लसूण मांजरीच्या रक्तपेशी फोडतात. पाण्याची भांडी दोन ठेवा. चोवीस तास तिनं काहीच खाल्लं नाही तर ते आपोआप सुधारेल म्हणून थांबू नका.

चिकटलेल्या डोळ्याचं सांगते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये कापूस भिजवा, डोळ्यावर मिनिटभर नुसता ठेवा, पपडी मऊ झाली की नाकाकडून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला, प्रत्येक पिल्लाला वेगळा बोळा. जोर लावून पापण्या फाकवू नका. पापणीखाली पू साठून ती फुगलेली दिसली तर ते दवाखान्याचंच काम आहे, आणि तेही आज-उद्यात, कारण आत कोंडलेला पू बुबुळ खातो. घरात कुणाच्या डोळ्यांचे थेंब उरलेत म्हणून घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळा हाताचा जातो. हळद, मध, आईचं दूध, काही नको.

दुधाचा प्रश्न. आई पाजत असताना आणि वजन वाढत असताना वरचं दूध लागत नाही. त्या एका बारीक पिल्लाला मात्र लागेल असं वाटतंय. त्याला आधी दिवसातून चार-पाच वेळा, बाकीची दूर करून, एकट्याला आईच्या मागच्या आंचळाला लावा, तिथं दूध जास्त असतं. तरी वजन हलत नसेल तर मांजरीच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणा, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. गाईच्या दुधात प्रथिनं साधारण सव्वातीन टक्के, मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त. गाईचं दूध पाणी घालून पातळ करायची आपली सवय पिल्लाला दोन्हीकडून मारते: आधीच कमी असलेली प्रथिनं आणखी कमी, आणि वर जुलाब. पाजताना पिल्लू पालथं, पोटावर, डोकं किंचित वर, जसं ते आईजवळ पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. एका वेळी शंभर ग्रॅम वजनाला चार मिलीच्या आसपास, त्याहून जास्त त्याच्या पोटात मावत नाही. शी-शू ही पिल्लं अजून आपलीआपण करत नाहीत, आई चाटून करवते. वेगळं ठेवावं लागलं तर पाजल्यावर ओल्या कोमट कापसानं मागच्या बाजूला हलकं चोळा.

इथवरचं आज-उद्याचं झालं: पिल्लं आईजवळच, जागा कोरडी आणि झाकलेली, तोंडात बोट घालून ऊब तपासायची, सकाळी वजन वहीत, तापाची गोळी कचऱ्यात, आणि उद्या सकाळी आई आणि ते बारीक पिल्लू दवाखान्यात. जमलं तर चारही न्या. जाताना झाकणाचा पिंजरा किंवा भोकं पाडलेलं घट्ट खोकं घ्या, रिक्षात मांडीवर मांजर घेऊन जाऊ नका. आईची ताजी शी डबीत घेऊन गेलात तर जंत तिथल्या तिथं तपासता येतील.

जंतांचं औषध पिल्लांना तीन आठवड्यांना सुरू होतं, म्हणजे तुमच्याकडे अजून आठवडाभर आहे. गोल जंत आईच्या दुधातून पिल्लांत जातात, त्यामुळे एकही पिल्लू यातून सुटलंय असं धरू नका. तेव्हापासून आठ आठवड्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक मात्रा, आणि त्याच दिवशी आईलाही. आईला सोडून नुसत्या पिल्लांना दिलं तर तुम्ही बादली न बदलता पाणी बदलताय.

अंघोळ घालू नका, आईलाही नाही आणि पिल्लांनाही. पिसवा मात्र बघाच. पांढऱ्या कागदावर पिल्लू धरून बारीक दातांचा कंगवा फिरवा, काळी पूड पडेल तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. लालसर विरघळलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. इतक्या लहान जिवाला पन्नास-साठ पिसवा म्हणजे रोजचा रक्तस्राव, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडतात. या वयात कंगवा हेच औषध, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात. आईला मानेवर टाकायचं औषध डॉक्टर देतील. कुत्र्यांचं औषध चुकूनही वापरू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजरीला झटके येतात आणि ती मरते, आणि आईच्या अंगावरचं औषध पिल्लं चाटतात. त्याच कारणानं गॅलरी फिनेलनं पुसू नका, कपड्यांत डांबराच्या गोळ्या नकोत, कापूर नको. फरशी साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा.

वहिनींची काळजी रास्त आहे, आणि त्यावर उपायही साधा आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून येऊ शकतो. पण विष्ठा पडल्यापासून तो लागण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून वाळूचा ट्रे रोज साफ व्हायला हवा, आणि वहिनींनी तो करायचा नाही. तुम्ही करा, हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुऊन. मांजरीला कच्चं मांस देऊ नका. घरातही मांस पूर्ण शिजलेलं आणि भाजी नीट धुतलेली हवी, कारण माणसाला हा आजार मांजर कुशीत घेऊन होत नाही, तोंडावाटे होतो. वहिनींनी त्यांच्या डॉक्टरांना घरात मांजर आल्याचं सांगून ठेवावं. आईंना हे एवढं वाचून दाखवा. त्यांची भीती घालवायला 'काही होत नाही हो' हे पुरत नाही. कारण आणि उपाय दोन्ही समोर ठेवले की जुनी माणसं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

तुम्हाला स्वतःला एक सांगायचंय. ही मांजर पाळलेली नाही, आजारी आहे आणि तिच्या पिल्लांना हात लागतोय. ती फिसकारेल, ओचकारेल. दात लागला किंवा रक्त येईल असं ओरखडली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा. सरकारी रुग्णालयात ती मिळते. 'मांजरच आहे, कुत्रं थोडंच' असं म्हणून थांबू नका. जखमेवर चुना, हळद, तिखट भरू नका. सुरू केलेली लस पूर्ण करा. पिल्लांच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं, तेही माणसाला लागतं, म्हणून चट्टा दिसला की डॉक्टरला दाखवा.

पुढचे आठवडे तुलनेनं सोपे असतात. चौथ्या आठवड्यात पिल्लं आईच्या ताटलीत पाय घालतील, तेव्हा त्यांना पसरट बशीत ओलं खाणं लावा, दूध आई हळूहळू स्वतःच कमी करते. याच दिवसांत त्यांना रोज हातात घ्या, माणसांचे आवाज, झाडू, मिक्सर यांची सवय होऊ द्या. दोन ते सात आठवडे या काळात माणसाची सवय झालेलं मांजर आयुष्यभर माणसाळलेलं राहतं. पण आठ आठवड्यांच्या आत कुणालाही देऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

लशीची पहिली मात्रा आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची. लोक विचारतात, एकच का पुरत नाही? आईकडून चिकात मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असते तोवर ती लशीलाही चढू देत नाही, आणि ती कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून आपण ठराविक अंतरानं दार ठोठावत राहतो. ट्रायकॅट म्हणतात ती लस पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजारावरही असते. तो आला की उलट्या-जुलाबांनी दोन दिवसांत अख्खं खोकं रिकामं होतं, आणि त्याचा विषाणू जागेत वर्षभरसुद्धा टिकतो. दुसरं मांजर आलेल्या घरातून आलात तर हात-पाय धुऊन, कपडे बदलूनच या पिल्लांजवळ जा. आईला लस शिंका थांबून तब्येत सावरल्यावर.

आणि ऑपरेशन. पाजत असलेली मांजर गाभण राहत नाही असं समजू नका. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच ती पुन्हा माजावर येऊ शकते, आणि नऊ आठवड्यांत पुढचं वेत. तेव्हा पिल्लं खायला लागून दूध आटेपर्यंत ती जाळीच्या आतच राहू दे, बोक्याला वाट नको. पिल्लं आठ आठवड्यांची झाली, दूध सुटून साधारण पंधरा दिवस झाले, की तिचं ऑपरेशन करून घ्या. थोडं दूध उरलेलं असेल तर आम्ही पोटाऐवजी कुशीतून छेद घेतो, म्हणजे आंचळांना धक्का लागत नाही आणि टाके लांबूनही दिसतात. त्याच वेळी कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तिला पुन्हा पकडून पोट उघडणार नाही. माज थांबवायचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नाही म्हणा. त्यानंतर गर्भाशयात पू झालेल्या मांजरी मी दरवर्षी उघडते. पिल्लांची ऑपरेशनं चौथ्या महिन्यानंतर, किलोभर वजन झालं की होतात. घर देताना तेवढं वचन घ्या आणि तारखेला फोन करा.

सोसायटीतल्या कुणी 'पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून द्या' म्हटल्याचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. ऑपरेशन झाल्यावर आठवडाभर घरात ठेवून तिला तिच्याच आवारात सोडायचं. मीटरच्या खोलीपासून जिन्याच्या वळणापर्यंतची सगळी जागा तिला ठाऊक आहे. पावसात कोणतं दार उघडं सापडेल हेही तिनं बरोबर ओळखलं होतं.

उद्या डॉक्टरकडे जाऊन आलात की आईचा ताप किती निघाला आणि त्या बारीक पिल्लाचं वजन किती भरलं, हे दोन आकडे मला कळवा. त्यावरून पुढचं बोलू.